नारिंगी पट्ट्याचा लांडगा आणि पांढऱ्या पट्ट्याची कायोटी

रानभूल

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन डरहॅमच्या विज्ञान संग्रहालयात गेले होते. आम्ही कॅरीत राहतो, त्यामुळे पावसाळी शनिवारची ती आमची ठरलेली जागा. तिथे कुंपणापलीकडे लाल लांडगा झाडाखाली पडला होता. लेक बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हा आजोबांच्या गल्लीतल्या मोत्यासारखा दिसतो." मी हसले. पण घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की जवळजवळ हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतले शास्त्रज्ञ, शेतकरी आणि न्यायाधीश पन्नास वर्षं भांडतायत. हा नक्की लांडगा आहे का? म्हणून हा धागा.

आधी कायोटीबद्दल, कारण आपल्याकडे ती नाही. बरेच जण तिला कोल्हा म्हणून मोकळे होतात. कोल्हा वेगळा. कायोटी लांडग्याच्याच कुळातली, दहा ते अठरा किलोंची, शहराच्या कडेला कचऱ्यावरही जगणारी, मारली तरी न संपणारी जात. लाल लांडगा वीस ते छत्तीस किलोंचा, लांब पायांचा, कानामागे तांबूस. एकेकाळी तो टेक्सासपासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत होता. माणसाने विष घालून, सापळे लावून, जंगलं तोडून त्याला इतका मागे रेटला की शेवटी टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत थोडे उरले. तिकडे पश्चिमेकडून कायोटी पसरत आली होती. लांडग्याला लांडगी मिळेना, म्हणून कायोटीशी जोडी जमली. पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली.

१९७३ ते १९८० या काळात सरकारी वन्यजीव खात्याने तिथे चारशेहून जास्त प्राणी पकडले. जनुकं तपासायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून वजन, कवटीची मापं, हुंकाराचा आवाज यांवरून निवड केली. त्रेचाळीस प्राणी प्रजननासाठी वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाच्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठवले. त्यांची पिल्लं कशी निपजतात हे बघून आणखी चाळणी लावली. शेवटी उरले चौदा. आज जगात जेवढे लाल लांडगे आहेत ते सगळे या चौदांचे वंशज. १९८० मध्ये ही जात जंगलातून संपल्याचं जाहीर झालं.

१९८७ मध्ये आमच्या नॉर्थ कॅरोलायनात, ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात चार जोड्या सोडल्या. जागा मुद्दाम निवडलेली. तीन बाजूंनी पाणी, आणि तेव्हा तिथे कायोटी नव्हती. पण काही वर्षांतच ती पोचली आणि १९९३ मध्ये संकर झाल्याचं लक्षात आलं.

मग त्या लोकांनी जी युक्ती काढली ती मला सगळ्यात आवडली. कायोटी पकडायची, तिची नसबंदी करायची आणि तिथेच परत सोडायची. नसबंदी, खच्चीकरण नव्हे. फरक महत्त्वाचा आहे. संप्रेरकं शाबूत राहिल्यामुळे ती हद्द राखते, जोडीदार धरून ठेवते, परक्या कायोटीला हाकलते, फक्त पिल्लं होत नाहीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. लांडगा मिळाला की रुमाल उचलायचा, लांडग्याला बसवायचं. हल्ली लांडग्यांना नारिंगी पट्टे घालतात, नसबंदी केलेल्या कायोटींना पांढरे.

हे चाललंही. पुढे लांडगे सव्वाशेच्या जवळ गेले होते. मग गोळ्या सुरू झाल्या. शिकारीचा हंगाम हिवाळ्याच्या तोंडाशी आणि लांडग्यांची वीण जानेवारी-फेब्रुवारीत. नेमका जोडीतला एक मेला की उरलेला वेळेवर दुसरा लांडगा शोधू शकत नाही, कायोटी मात्र दारातच उभी. त्यात कायोटी समजून लांडगा मारला जातोच. २०१४ मध्ये न्यायालयाने लांडगे असलेल्या पाच परगण्यांत कायोटीच्या शिकारीवर बंधनं आणली, रात्रीची शिकार थांबली. पण पुढच्या वर्षी खात्यानेच नवे लांडगे सोडणं थांबवलं. आकडा विसाच्या खाली आला. २०२१ मध्ये न्यायालयाने कान धरल्यावर सोडणं पुन्हा सुरू झालं आणि २०२२ मध्ये चार वर्षांनी पहिल्यांदा जंगलात सहा पिल्लं जन्मली.

आता माझा प्रश्न. संकर हा रोग आहे की लक्षण? मला लक्षण वाटतं. तुम्हाला?

चहाटळ_चहावाला

रुमालाला दंडवत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जनुका

छान लिहिलंय. मी याच विषयाच्या शेजारच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडी भर.

लांडगा, कायोटी, कुत्रा आणि आपला कोल्हासुद्धा, सगळ्यांची गुणसूत्रं ७८. त्यामुळे घोडा-गाढवासारखं खेचर निपजून वंश तिथेच थांबत नाही. संकरित पिल्लं पुढे व्यवस्थित वितात. शाळेत शिकलेली 'ज्यांची संतती प्रजननक्षम ती एक प्रजाती' ही व्याख्या इथे कोलमडते. या कुळात प्रजातींच्या भिंती शरीरात कमी आणि वागण्यात जास्त आहेत.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घ्या. १९९५ मध्ये तिथे लांडगे आणल्यावर त्यांनी कायोटींशी सोयरीक केली नाही, त्यांना मारलं. लामार खोऱ्यात कायोटी निम्म्यावर आल्या. पोटभर लांडगे आणि धडधाकट कळप असले की कायोटी ही प्रतिस्पर्धी असते. कळप मोडले की तीच स्थळ म्हणून चालते.

आता वादाचा भाग. २०१६ मध्ये संपूर्ण जनुकक्रम वाचून एका गटाने म्हटलं की लाल लांडगा आणि कॅनडाकडचा 'पूर्वेचा लांडगा' हे दोघेही करडा लांडगा आणि कायोटी यांच्या मिश्रणातून झालेत, लाल लांडग्यात तर कायोटीचा वाटा बराच मोठा. दुसरा गट म्हणतो, मिश्रण आहे पण ते फार जुनं असू शकतं, आणि लाल लांडग्याचा वंश स्वतंत्र आहे. अमेरिकी संसदेने हा वाद राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे सोपवला. २०१९ चा त्यांचा निष्कर्ष: लाल लांडगा ही स्वतंत्र प्रजाती मानावी. वाद मिटला का? आमच्या डबा खायच्या टेबलावर तरी नाही.

वकिली_नजर

जनुका, तुमच्या टेबलावर वाद राहिला तर डबा गार होतो. कोर्टात राहिला तर लांडगा मरतो.

अमेरिकेचा १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा संकरित प्राण्यांबद्दल स्पष्ट काही म्हणत नाही. १९७७ मध्ये सरकारी वकिलांनी मत दिलं की संकराला संरक्षण नाही. १९९० मध्ये ते मागे घेतलं. १९९६ मध्ये नव्या धोरणाचा मसुदा आला, तो आजतागायत अंतिम झालेला नाही. म्हणजे मधे पोकळी. लाल लांडग्याचं संरक्षण ज्यांना नको आहे त्यांच्या दृष्टीने 'हा मुळात संकर आहे' हे सोन्यासारखं वाक्य. शास्त्रज्ञाने लिहिलेल्या टक्केवारीचं पुढे काय होतं हे शास्त्रज्ञाच्या हातात राहत नाही.

आणि उलटंही बघा. कायदा म्हणतो जात वाचवा. जात म्हणजे काय हे निसर्ग सांगत नाही. मग शेवटी चौदा प्राण्यांची निवड १९७० च्या दशकात फूटपट्टी घेऊन कुणी केली, त्यावर सगळी इमारत उभी.

बाळ_बोध

एक भाबडा प्रश्न. दोघांना जमतंय, पिल्लं होतायत, ती जगतायत. मग आपण मधे का पडायचं? उत्क्रांती अशीच होते ना? करोडो रुपये घालून कायोटीची नसबंदी करत बसायचं आणि वर तिला पट्टा बांधायचा. हे मला भटजीबुवांनी पंचांग बघून लग्न मोडण्यासारखं वाटतं. (हलके घ्या.)

जनुका

प्रश्न भाबडा नाही, आमच्यातही हेच विचारतात.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. न्यूयॉर्क, न्यू इंग्लंडकडची कायोटी पश्चिमेच्या कायोटीपेक्षा मोठी आहे. तिकडचे लांडगे एकोणिसाव्या शतकात संपले होते. कायोटी ग्रेट लेक्सच्या उत्तरेने पूर्वेकडे सरकली आणि वाटेत उरल्यासुरल्या लांडग्यांशी मिसळली. तिची कवटी रुंद झाली, जबडा हरणाला पुरेल असा झाला. दुसरा लोंढा दक्षिणेच्या वाटेने, ओहायोमार्गे, न मिसळता गेला. २०१० च्या अभ्यासानुसार मिसळलेल्या कायोटी पाचपट वेगाने पसरल्या. ईशान्येकडच्या कायोटींमध्ये ढोबळमानाने ६२ टक्के कायोटी, २७ टक्के लांडगा आणि ११ टक्के कुत्रा सापडला. यालाच वर्तमानपत्रं 'कायवुल्फ' म्हणून नवी प्रजाती ठरवतात. ते चुकीचं आहे. प्रत्येक प्राण्यात मिश्रण वेगळं आणि मिसळणं अजून चालूच.

आणखी एक: उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा काळा रंग कुत्र्यांकडून आलाय. म्हणजे संकराने मिळालेलं सगळंच वाईट नसतं.

पण 'जमतंय' यात संख्येचं गणित लपलंय. वीस लांडगे आणि हजारो कायोटी मिसळल्या तर तिसरं काही तयार होत नाही. ताकाच्या पातेल्यात चमचाभर दूध घातल्यावर काय उरतं? कायोटीला काही फरक पडत नाही. लांडगा विरघळतो.

बाळ_बोध

ताकाचं पटलं. पण मग फ्लोरिडाच्या पँथरचं, म्हणजे तिथल्या प्यूमाचं, काय? तिथे तर मुद्दाम बाहेरून आणलं होतं असं वाचलंय.

जनुका

बरोबर. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणल्या. फ्लोरिडातले वीस-तीसच उरले होते, नात्यात नात्यात वीण होऊन शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. माद्या आल्यावर पिल्लं सुधारली आणि संख्या काही पटींनी वाढली. पण ती एकाच प्रजातीची दोन टोकं होती, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्यांची ये-जा होतीच. दाराला लागलेलं कुलूप काढणं वेगळं आणि भिंत पाडणं वेगळं.

ओंटारियोची_आक्का

मी आत्ताच धागा पाहिला. टोरांटोहून तीनेक तासांवर अल्गोंक्विन प्रांतिक उद्यान आहे. तिथे १९६३ पासून ऑगस्टमधे लांडग्यांची हाक ऐकायचा जाहीर कार्यक्रम असतो. शेकडो गाड्या महामार्गाच्या कडेला रांगेत उभ्या, दिवे बंद, माणसं गप्प. मग निसर्गमार्गदर्शक तोंडाशी हात धरून हाक देतो. उत्तर आलं तर अंगावर काटा येतो. आमच्या वेळी पिल्लांचीही कावकाव मिसळली होती, अगदी बेसूर.

ते जनुका म्हणाली ते 'पूर्वेचे लांडगे'. रानभूलच्या प्रश्नाला तिथे जवळजवळ प्रयोग करून उत्तर मिळालंय. उद्यानात शिकारबंदी होतीच, पण हिवाळ्यात लांडगे हरणांमागे हद्दीबाहेर जायचे आणि बाहेर मारले जायचे. २००१ मध्ये भोवतालच्या गावांमधेही लांडगे आणि कायोटी दोन्ही मारायला बंदी केली. दोन्ही, कारण लांबून फरक कळत नाही. गंमत अशी की लांडग्यांची संख्या फारशी वाढली नाही. बदललं ते घर. पूर्वी ८० टक्के कळपांत नात्याबाहेरचे उपरे सामील असायचे, बंदीनंतर ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. आई-बाप-पोरं असे कळप पुन्हा झाले. अशा घरात कायोटीला शिरायला फट राहत नाही.

म्हणजे नसबंदी नाही, पट्टे नाहीत. फक्त मारणं थांबवलं.

रानभूल

आक्का, हेच मला म्हणायचं होतं आणि मला सापडत नव्हतं! संख्या मोजण्यापेक्षा कुटुंबं मोजायला हवीत.

वकिली_नजर

अल्गोंक्विनच्या आत सरकारी जमीन आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या पाच परगण्यांत बरीचशी खाजगी शेती आहे, आणि तिथला माणूस म्हणतो की माझ्या शेतावर कुणाला मारायचं ते मी ठरवीन. 'फक्त मारणं थांबवलं' हे वाक्य तिथे 'फक्त' राहत नाही.

माणदेशी

मी बरेच दिवस वाचनमात्र आहे. आज लिहितो. आमच्या घरी आज्ज्यापर्यंत मेंढरं होती, चुलते अजून वाडा घेऊन फिरतात. तुमचं कायोटीचं मला माहीत नाही, पण आमच्याकडं हेच कुत्र्याच्या रूपात सुरू झालंय.

पुण्याजवळच्या माळावर काही वर्षांपूर्वी वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसायला लागले. केसांचे नमुने घेऊन बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संस्थांनी, पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टबरोबर, जनुकं तपासली. २०२३ मध्ये शोधनिबंध आला. लांडगा-कुत्रा संकर. भारतात जनुकांतून सिद्ध झालेला हा पहिलाच.

चुलत्यांना मी सांगितलं तर ते म्हणाले, त्यात काय नवीन, कान बघूनच कळतंय. खरं-खोटं त्यांना ठाऊक. पण त्यांनी एक सांगितलं ते लिहितो. लांडगा येतो, एक कोकरू उचलतो आणि जातो. त्याची भीती वाटते पण त्याचा अंदाज असतो. गावची मोकाट कुत्री वाड्यात घुसली की पाच-सहा फाडून टाकतात आणि खातही नाहीत. "लांडग्याचं डोस्कं आन् कुत्र्याची निर्भीडी एकत्र आली तर आमी कुठं जायाचं?" हा त्यांचा प्रश्न. त्यांना शुद्ध-अशुद्धाचं काही पडलेलं नाही. मला वाटतं हा मुद्दा कुणीच घेतला नाही. संकरित जनावर माणसाला कमी भितं का, हे ज्याच्या दारात येतं त्याच्यासाठी टक्केवारीपेक्षा मोठं आहे.

आणि माळ? माळाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात. त्यावर प्लॉटिंग, हॉटेलं, कोंबड्यांच्या पोल्ट्र्या. पोल्ट्रीमागं मेलेल्या कोंबड्या टाकतात. त्यावर कुत्री येतात आणि लांडगेही येतात. जोड्या तिथंच जुळतात.

ओंटारियोची_आक्का

माणदेशी, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

जनुका

निर्भीडीबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण पोल्ट्रीमागच्या ढिगाबद्दल चुलत्यांशी शंभर टक्के सहमत. कुत्र्याबरोबरचा संकर मला कायोटीपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. कायोटी निदान रानातच घडलेली जात आहे. कुत्र्याच्या जनुकांवर हजारो वर्षं माणसाची निवड झालीय. शिवाय कुत्र्यांबरोबर डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूरोग) आणि रेबीज येतो, त्याला संकर व्हायचीही गरज नाही.

रानभूल

उत्तरं वाचून एक राहिलेली गोष्ट सांगते. टेक्सासला गॅल्व्हेस्टन नावाचं बेट आहे. तिथल्या एका रहिवाशाला कायोटी जरा वेगळ्या दिसल्या. त्याने फोटो काढले, गाडीखाली मेलेल्या दोन जनावरांचे नमुने जपून ठेवले आणि शास्त्रज्ञांच्या मागे लागला. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: त्यांच्यात लाल लांडग्याची जनुकं आहेत, आणि काही तर अशी की जी आजच्या बंदिस्त लाल लांडग्यांतही उरलेली नाहीत. त्या चौदांच्या चाळणीत जे सांडलं ते बेटावरच्या कायोटींनी चाळीस वर्षं सांभाळलं.

म्हणजे ज्या संकराला आपण इथे अटकाव करतोय, तोच तिथे तिजोरी झालाय. यावर काय बोलायचं?

चहाटळ_चहावाला

सावकाराकडे गहाण ठेवलेलं सोनं म्हणायचं.

बाळ_बोध

मग त्या कायोटी आणा नॉर्थ कॅरोलायनात!

जनुका

इतकं सरळ नाही. लाल लांडग्याची जनुकं आणायची तर सोबत कायोटीचीही येणार. निवडक वीण करून पिढ्यान्‌पिढ्या गाळावं लागेल, आणि ते करायचं का यावरच एकमत नाही. २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने त्याच किनाऱ्यावरच्या प्राण्यांच्या पेशींतून क्लोन बनवून 'लाल लांडगे' म्हणून जाहीर केले. बऱ्याच शास्त्रज्ञांनी हरकत घेतली की हे लाल लांडगे नव्हेत, लाल लांडग्याचा अंश असलेल्या कायोटींचे क्लोन आहेत. वकिलीसाहेब, तुमची पोकळी इथे पुन्हा येते.

माझं वैयक्तिक मत: गॅल्व्हेस्टनच्या कायोटींना आहे तिथे मारू नका, एवढं तरी आज करता येतं. त्यांना आजही साध्या कायोटीसारखंच वागवलं जातं.

वकिली_नजर

सहमत. हे वाक्य मी क्वचित लिहितो, नोंद घ्यावी.

रानभूल

अपडेट. परवा ॲलिगेटर रिव्हरला जाऊन आलो. कॅरीहून तीन तास. महामार्ग ६४ वर 'लाल लांडग्यांसाठी सावकाश' अशा पाट्या आहेत आणि गाड्या भरधाव. गोळीइतकाच हा रस्ताही लांडग्यांना खातो.

आतले रस्ते मातीचे, दोन्ही बाजूंना कालवे, काळं पाणी. अस्वलं सात दिसली, शेतात मका खात बसलेली. लेकीचं अस्वलांनी समाधान होईना. संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा दूरच्या बांधावर एक जनावर उभं दिसलं. दुर्बीण माझ्या नवऱ्याच्या हातात, तो म्हणाला पट्टा आहे. कुठला रंग ते सांगेना. लेकीने दुर्बीण हिसकावून घेतली.

"पांढरा," ती म्हणाली. आणि मग, "म्हणजे रुमाल."

पाचेक मिनिटं ते जनावर आमच्याकडे बघत उभं होतं. मग बांधाला मुतलं आणि कालव्याच्या कडेने चालू लागलं.

चहाटळ_चहावाला

हद्द राखली म्हणायची. ड्यूटी चोख.

माणदेशी

ताई, अस्वलं मका खातात तर तिथले शेतकरी काय करतात? नुकसानभरपाई मिळते का?

रानभूल

माणदेशी, अभयारण्याच्या आतली ती शेतं भाडेपट्ट्याने कसायला दिलेली आहेत, पिकाचा काही भाग जनावरांसाठी उभा ठेवायचा असं काहीसं ऐकलं. नीट विचारून सांगते. आणि कुणी जाणार असाल तर डासांचं औषध भरपूर न्या. मी एक बाटली नेली होती, ती दुपारीच संपली.